बोलेरो दुसऱ्या गिअरात

"ताई, तुमाले कधी कोनी सांगतलं का, का गाडी दुसऱ्या गिअरात टाक, अन् हिंगनघाटपासून आदिलाबादवरी तशीच ने?"

वहिनींनी तुरीच्या शेंगांचं सूप कुंपणाच्या भिंतीवर टेकवलं. सूप भिंतीवर टेकलं म्हणजे गोष्ट अर्ध्या तासाच्या आत आटपत नाही, हे पांढरकवड्यातल्या आमच्या गल्लीत पोराटोरांनाही ठाऊक आहे. मीही दोरीवरचे कपडे तसेच सोडले आणि दोन शेंगा उचलल्या. म्हटलं, मला मेलीला पहिल्या गिअरातून दुसऱ्यात जाता येत नाही. झालं काय?

वहिनींचे 'हे', म्हणजे आमचे भाऊजी, भाड्याने बोलेरो चालवतात. लग्नाचं वऱ्हाड, नागपूरचा दवाखाना, शेगाव, माहूर, असली भाडी. या खेपेचं भाडं निराळं निघालं. नागपूरहून हैदराबादला सायकलींवर निघालेली सात-आठ माणसं, कुठल्याशा संस्थेसाठी पैसे गोळा करत चाललेली. त्यांच्या मागे मागे गाडी ठेवायची. त्यांचा नेहमीचा ड्रायव्हर हिंगणघाटला तापाने आडवा झाला आणि ओळखीतून ओळख काढत रात्री नऊ वाजता फोन इथे आला. काम एकाच दिवसाचं. पुढे आदिलाबादला दुसरी गाडी येणार होती.

"सव्वाशे किलोमीटरचा रस्ता. हे दोन घंट्यात जातेत," वहिनी म्हणाल्या. "अन् परवा? पहाटे तीनले घरून गेले, रात्री साडेअकराले आले. तवापासून डावा पाय बाजंवर टाकून बसले हायेत. चाय बी बाजंवर, जेवन बी बाजंवर. सायकल चालवली दुसऱ्यानं अन् पाय दुखते याइचा!"

"क्लच दाबून दाबून दुखते," आतून आवाज आला. आपल्यावर बोलणं चाललंय म्हटल्यावर कुठला माणूस बाजेवर राहतो? भाऊजी लंगडत बाहेर आले. गालात खर्रा होता, म्हणून पहिली दोन वाक्यं नुसत्या हातवाऱ्यांत गेली. मग नालीकडे जाऊन आले आणि गोष्ट सुरू झाली.

सायकलवाला सपाटीवर ताशी वीस-पंचवीसने जातो, चढाला बारा-पंधराने. गाडीने त्याच्या मागे तेवढ्याच चालीने राहायचं. तिसरा गिअर टाकला तर गाडी गचके खाते, पहिल्यात इंजिन बोंबलतं. म्हणून दुसरा, आणि अर्धा क्लच. चारही इंडिकेटर दिवसभर लुकलुकत ठेवायचे. मागून येणारा प्रत्येक ट्रक आधी हॉर्न देतो, मग शेजारून जाताना खिडकीतून शिवी देतो. दुपारी काटा तापमानाच्या लाल रेघेकडे सरकू लागला तेव्हा भाऊजींनी डिसेंबरात हीटर लावला. इंजिनाची उष्णता आत ओढून घ्यायची ही ड्रायव्हरांची जुनी युक्ती. म्हणजे बाहेर सायकलवाले गार वाऱ्यात आणि हे आत घामाघूम.

"अन् खर्रा बंद," भाऊजी म्हणाले. हे दुःख मोठं होतं. "त्याइच्यात एक डॉक्टरीन होती. म्हने काका, आमच्या गाडीत तंबाखू चालनार नाही, गाडीवर आमचा बॅनर हाये. आता गाडी माही, बॅनर त्याइचा."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "देव करो अन् थे डॉक्टरीन रोज येवो."

मग डॉक्टरणीची चौकशी झाली. ती व्हायचीच. वय किती, लग्न झालं का, लेकरं कोणाजवळ सोडली, आणि ती तसली घट्ट चड्डी घालून हायवेवरून जाते तर सासू काय म्हणते. भाऊजींना यातलं एकही उत्तर देता येईना. दिवसभर एका बाईच्या मागे गाडी चालवून माणसाने तिची एवढीही माहिती काढू नये, याचं वहिनींना खरोखर वाईट वाटलं. एवढं मात्र भाऊजींनी सांगितलं की सगळ्यांत पुढे तीच होती. सगळ्यांत मागे बँकेतून रिटायर झालेले एक साहेब होते. दर दहा किलोमीटरला ते "आता किती राहिलं?" विचारायचे, आणि भाऊजी दर वेळी खऱ्यातून दोन-तीन किलोमीटर कमी करून सांगायचे.

"पाप नाई लागत त्यानं," वहिनी म्हणाल्या. "मी बी याइले बाजाराचा खर्च तसाच सांगतो."

हा रस्ता म्हणजे आपला जुना सात नंबर, आताचा ४४. श्रीनगरहून निघतो आणि कन्याकुमारीला समुद्रापाशी थांबतो. देशातला सगळ्यांत लांब राष्ट्रीय महामार्ग, आणि त्याचा एक तुकडा आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला आलाय. वडनेर सोडून वर्धा नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा लागतो. मग वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी, आणि पैनगंगा ओलांडली की तेलंगण. काश्मीर ते कन्याकुमारी सायकल हाणायची ज्यांना हौस येते, त्यांतले बरेचसे आपल्या दारावरूनच जातात. आपण त्यांच्याकडे बघत नाही. आपलं लक्ष कापसाच्या भावाकडे.

परवा पहाटे वर्धेच्या पुलावर धुकं असं होतं की पुढच्या सायकलीचा लाल दिवा तेवढा दिसत होता, माणूस नाही. वडकीला तर्रीपोहे आणि आलूबोंडे झाले. डॉक्टरीण म्हणे तेलकट नको. बँकेचे साहेब चार आलूबोंडे खाऊन मोकळे झाले आणि पुढच्या पंचवीस किलोमीटरांत दोनदा झुडपामागे गेले. भाऊजींनी गाडी आडवी लावून आडोसा करून दिला. वहिनींना हा तपशील इतका आवडला की त्यांनी तो पुन्हा सांगायला लावला.

मला आवडली ती पाण्याच्या बाटलीची गोष्ट. थांबलं की पाय आखडतात, म्हणून चालत्या गाडीतून चालत्या सायकलीवर बाटली द्यायची. गाडीत बरोबर एक कॉलेजातला पोरगा होता, तो खिडकीतून हात काढायचा. पहिल्यांदा त्याने बाटली मधोमध मुठीत धरली. सायकलवाल्याने ओढली, याने वेळेत सोडली नाही, सायकल डगमगली आणि भाऊजींचा जीव गळ्याशी आला. मग डॉक्टरणीने शिकवलं: बाटली वरून बुचापाशी दोन बोटांत नुसती लोंबती धरायची. घेणारा खालून पोटाला धरतो, हिसका बसला की बोटांतून आपोआप सुटते. तेवढा वेळ गाडीने सायकलीच्या बरोबरीने, हातभर अंतर ठेवून, नाकासमोर चालायचं. स्टिअरिंग एक बोट इकडेतिकडे झालं की संपलं.

"बावीस वर्सं गाडी चालवून रायलो," भाऊजी म्हणाले, "पन असा घाम कधी फुटला नोयता. वरातीच्या घोड्यामागं बी चालवली हाये गाडी."

करंजीच्या अलीकडे पंक्चरांचं सत्र लागलं. रस्त्याकडेच्या बाभळी छाटलेल्या, काटे डांबरावर. सायकलचं टायर बारीक, काटा थेट ट्यूबमध्ये. पहिली ट्यूब बदलली, अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा फुस्स. दुसरी बदलली, पुन्हा तेच. मग भाऊजींनी त्यांच्या हातातून टायर काढून घेतलं, कमरेचं फडकं घेतलं आणि टायरच्या आतल्या अंगाने गोल फिरवलं. एका जागी फडकं अडकलं. तिथे काट्याचं टोक आतून तांदळाच्या कणीएवढं वर आलेलं. बोट फिरवलं असतं तर बोटात गेलं असतं. पकडीने उपटलं आणि ट्यूब घातली ती आदिलाबादपर्यंत टिकली. काटा आत ठेवून ट्यूबा बदलणारे हे सगळे शिकलेले लोक, हे भाऊजींनी तीनदा सांगितलं. तीनदा सांगण्यासारखं होतंच ते.

तेवढ्यात मला राहवेना. गल्लीत पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी म्हणून माझा थोडा भाव आहे, तो अधूनमधून वसूल करावा लागतो. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही केलं ते काम अमेरिकेत नियमात लिहिलेलं आहे. रेस अॅक्रॉस अमेरिका नावाची सायकलची शर्यत असते. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडहून निघायचं आणि पार देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचं. जवळजवळ चार हजार आठशे किलोमीटर. तिथे रात्री मागे गाडी नसेल तर सायकल एक फूटसुद्धा पुढे नेता येत नाही. गाडीच्या दिव्याच्या उजेडातच चालवायची. ड्रायव्हर झोपला की सायकलवाल्याचं चाकही थांबलं.

"म्हंजे मालक ड्रायव्हर!" भाऊजी भिंतीपासून एकदम सरळ उभे राहिले. पाय दुखत असल्याचं विसरले.

आणि हे कोणी परक्याने केलेलं नाही, मी म्हटलं. २०१५ साली नाशिकचे महाजन बंधू, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र, दोघांच्या जोडीने ही शर्यत ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पुरी करून आले. जोडीला मुदत नऊ दिवसांची. एकाने चालवायची, तोवर दुसऱ्याने गाडीत पाठ टेकायची, खायचं, पुन्हा उतरायचं. आदिवासींच्या डोळ्यांच्या कामाला पैसा मिळावा म्हणून निघालेले, पथकाचं नावच 'व्हिजन फॉर ट्रायबल्स'. दोघेही डॉक्टर. धाकटे दातांचे, थोरले भूल देणारे.

"भूल देनारा?" वहिनी म्हणाल्या. "सोताले देऊन घेतली असन. त्याबिगर इतकं कोन चालवते?"

मग आपले नागपूरचे डॉ. अमित समर्थ. त्यांनी तर २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने केली. बारा दिवसांची मुदत, हे काही तास राखून पोचले. त्यांच्या थोडं आधी नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ पोचले होते. मुदतीत एकट्याने पोचणारे पहिले भारतीय हे दोघंच. पुढे २०२१ मध्ये समर्थांनी दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता हा सुवर्ण चतुष्कोण, सहा हजारांच्या आसपास किलोमीटर, चौदा दिवसांच्या आत फिरून दाखवला. आणि थोरल्या महाजनांचा मुलगा ओम, सतरा वर्षांचं पोर, २०२० च्या नोव्हेंबरात श्रीनगर ते कन्याकुमारी साडेआठ दिवसांच्या आत गेला.

वहिनींनी हे सगळं ऐकून घेतलं. शेंगांचा एक घास तोंडात टाकला. म्हणाल्या, "इतके सारे डॉक्टर सायकलवर. मंग दवाखान्यात कोन बसते?"

याचं उत्तर माझ्या पेपरात नव्हतं.

पण वहिनींच्या मनात खुपत होतं ते दुसरंच. ते बाहेर पडलंच. "मले एक सांगा. पैसे जमवाचे हायेत ना? मंग जमवा. घरोघरी जा, पावती फाडा. सायकल कायले? गाडीचं डिझेल, हाटेलचं भाडं, केळं, खजूर, थे पुडीतलं खारं पानी, इतक्या पैशात एका पोरीचं वर्साचं शिक्षन होऊन जाते."

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी स्वतः कित्येकदा हेच म्हटलेलं आहे, विशेषतः फोटो बघून. पण घरोघरी पावती घेऊन जाणाऱ्याला आपल्याच गल्लीत काय मिळतं ते मी पाहिलंय. वहिनी स्वतःच आतून "घरी कोनी नाई" म्हणून ओरडतात. उन्हातान्हात अंग मोडून आलेल्या माणसाला तसं ओरडून सांगता येत नाही. विनोबांनी हे पुरतं ओळखलं होतं. १९५१ च्या मार्चमध्ये इथे शेजारी पवनारहून ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी निघाले. सर्वोदयाचं संमेलन होतं, आगगाडी होती, तरी पायी. आणि तिथून पुढे तेलंगणात फिरताना पोचमपल्लीला १८ एप्रिलला पहिली जमीन दानात मिळाली. आगगाडीने आलेल्या माणसाला लोकांनी फार तर चहा दिला असता. सायकलवाल्यांची तऱ्हा तीच. ते किलोमीटरवर पैसे मागतात: मी इतके चालवीन, तुम्ही किलोमीटरमागे इतके द्या. दूरच्या शहरात बसलेला माणूस मोबाइलवर त्यांचा ठिपका सरकताना बघतो आणि देतो. ठिपका थांबला की त्याला चुटपुट लागते.

"ठिपका तं वाघाचा बी सरकते," भाऊजी मध्येच म्हणाले, आणि गोष्ट टिपेश्वरात शिरली. आमच्याकडे कुठलीही गोष्ट शेवटी वाघावर जाते. दुपारी पांढरकवडा सोडल्यावर पाटणबोरीकडे जाताना उजव्या हाताला टिपेश्वरचं रान. बँकेच्या साहेबांनी कुठेतरी वाचलेलं, त्यांनी हळूच विचारलं, "काका, इकडे वाघ रस्त्यावर येतो का?" भाऊजींना दिवसभरात पहिल्यांदा आपला भाव वाढल्यासारखं झालं. त्यांनी अवनी वाघिणीची गोष्ट सुरू केली: राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात तेरा माणसं तिच्या नावावर लावली होती, दोन वर्षं गावंच्या गावं दिवस मावळायच्या आत घरात, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली. तीही गोष्ट अशी सांगितली की त्या दिवसातले सगळ्यांत वेगवान आठ किलोमीटर साहेबांनी तिथेच काढले.

ठिपक्याचा वाघ दुसरा. टिपेश्वरचाच, जवान नर, गळ्यात रेडिओ कॉलर. २०१९ च्या जूनमध्ये तो घर सोडून निघाला. आदिलाबादकडे गेला, परत आला, हिंगोली, अकोला असं करत करत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पाच महिन्यांत तेराशेच्या वर किलोमीटर. देशभरातल्या पेपरांत त्याचा नकाशा छापून आला. तेही बायको शोधायला, असं शास्त्रज्ञ म्हणाले. आमच्या तालुक्यातला सगळ्यांत लांबचा प्रवास त्याचाच. मागे गाडी नाही, केळं नाही, बॅनर नाही.

"सत्कार बी नाई," भाऊजी म्हणाले. आणि गप्प झाले.

मग कळलं की दुखणं पायाचं नव्हतं, निदान सगळं पायाचं नव्हतं. दुपारी इथे पांढरकवड्यातच चौकात सत्कार होता. ढोल, फेटे, शाल, श्रीफळ. शाळेच्या मुली रांगेत उभ्या. सायकलवाल्या एकेकाचं नाव पुकारून हार घातले. भाषणं झाली. भाऊजी गाडीच्या मागे बाटल्या विसळत होते, कारण पुढे केळापूरच्या टोलनाक्यापर्यंत पाणी नव्हतं. फोटोवाला आला. भाऊजींना वाटलं बोलावतोय. म्हणून फडक्याला हात पुसले, शर्ट खोचला. तो म्हणाला, "ओ काका, गाडी थोडी मागं घ्या, फोटोत येऊन रायली."

स्वतःच्या गावात. ओळखीच्या पानठेल्यासमोर. पानठेल्यावरचे सगळे बघत असताना.

वहिनींनी हे आधी ऐकलेलं नव्हतं. नवरा दोन दिवस पाय पाय करत होता आणि ही गोष्ट पोटात ठेवून होता. त्यांनी सूप जरा बाजूला सरकवलं. "कोन होता थो फोटोवाला? आपल्या गावचा होता का?"

"सोड ना व."

"सोडत नाई. नाव सांगा."

नाव काही निघालं नाही. भाऊजींनी विषय टोलनाक्याकडे वळवला. तिथे सायकली बाजूने मोकळ्या निघून गेल्या आणि फास्टॅगच्या रांगेत बोलेरो अडकली. सायकलवाल्यांना वाटलं गाडी मागे आहे, आणि मागे होता कापसाचा ट्रॅक्टर. दोन्ही अंगांनी कापूस बाहेर लोंबणारा, अर्धा रस्ता व्यापून. या दिवसांत जिनिंगच्या रस्त्याला बाभळींनासुद्धा कापूस लागतो, तो या गाड्यांचाच. ट्रॅक्टर ओलांडायला भाऊजींना दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत बँकेच्या साहेबांची साखळी उतरली आणि ते एकटेच रस्त्याकडेला, टिपेश्वरच्या बाजूला, उभे. गाडी दिसल्यावर साहेबांनी भाऊजींचा हात धरला तो सोडेनातच. दिवसभरात भाऊजींना सत्कार म्हणून काय मिळालं असेल तर तेवढंच.

मला या सगळ्यात बाबा आमटे आठवत होते. बाबांची भारत जोडो यात्राही सायकलचीच. हे नाव हल्ली राजकारणातून कानावर येतं, ते पुष्कळ नंतरचं. मूळ यात्रा २४ डिसेंबर १९८५ ची, साने गुरुजींच्या जयंतीला कन्याकुमारीहून निघालेली, काश्मीरच्या दिशेने. शंभरावर तरुण, त्यांत मुलीही, पाच हजार किलोमीटर. पंजाब तेव्हा पेटलेला होता, आणि ही मुलं सायकली घेऊन तिकडेच निघालेली. बाबांना निघाल्यावर दोन दिवसांनी एक्काहत्तर वर्षं पूर्ण झाली. आणि बाबा काही सायकलवर नव्हते. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने त्यांना बसताच येत नसे. एक तर उभं राहायचं, नाही तर आडवं पडायचं. म्हणून गाडीत बिछाना केलेला, आणि बाबा कन्याकुमारीपासून पडून चाललेले. गावात गाडी थांबली की उभं राहून बोलायचं, पुन्हा आडवं. तीन वर्षांनी पुन्हा निघाले, तेव्हा अरुणाचलातल्या ईटानगरहून गुजरातेतल्या ओख्यापर्यंत. आपल्या करंजीहून मारेगाव, वणी करत गेलं की वरोरा, तिथे त्यांचं आनंदवन. जन्म हिंगणघाटचा, याच हायवेवरचा. घरचेच म्हणायचे.

आणि ती यात्रा पैशासाठी नव्हती. नुसतं जायचं, लोकांना भेटायचं, त्यांच्यात राहायचं.

"त्याइच्या गाडीचा ड्रायव्हर कोन होता?" भाऊजींनी विचारलं.

बाबांवर एवढं लिहिलं गेलं, मी त्यातलं पुष्कळ वाचलं, पण हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. पाच हजार किलोमीटर, मागे पाठीचं दुखणं घेऊन झोपलेला म्हातारा, पुढे पोरांच्या सायकली. खड्डा दिसला की आधी त्या पाठीचा विचार करायचा. त्या माणसाचाही डावा पाय दुखला असणार.

"ते जाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. इतका वेळ त्यांनी बोटांवर काहीतरी हिशेब धरून ठेवला होता, ते मला दिसत होतं. "मले पैशाचं सांगा. परवापासून इचारून रायलो, हे सांगत नाईत. ताईसमोर सांगा. किती मिळाले?"

भाऊजींनी खर्ऱ्याची पन्नी काढली, उघडली, पुन्हा बंद केली.

भाड्याच्या गाडीचा धर्म आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. बाहेरगावचं भाडं असलं की दिवसाचे कमीत कमी तीनशे किलोमीटर धरायचे. गाडी शंभर चालो की दोनशे, पैसे तीनशेचे. त्याशिवाय परवडत नाही, कारण तो अख्खा दिवस दुसरं भाडं घेता येत नाही.

"सव्वाशेचे घेतले," भाऊजी म्हणाले.

"सव्वाशेचे?"

"जेवढी चालली तेवढ्याचे. थे पोरं सोताच्या खर्चानं आली होती व. कोन तीनशेचे मागते?"

"म्हंजे त्याइची सायकल किलोमीटर चालली का पैसे वाढतेत, अन् तुमची गाडी चालली का पैसे कमी होतेत! अन् येतानाचं आदिलाबादपासून रिकामं?"

"थे धरलंच नाई."

वहिनींनी आभाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग शेंगा सोलता सोलता तोंडी हिशेब केला, तो इतका झटपट की माझा पेपर वाचण्याचा भाव तिथेच उतरला. "तीनशातून सव्वाशे गेले. पावनेदोनशे किलोमीटरचे पैसे याइनं देऊन टाकले. अन् पावती? त्या बँकवाल्यानं दिले असतीन पाचशे, त्याची पावती, फोटो, हार. अन् याइले म्हनते गाडी मागं घ्या."

"अवं, हळू बोल, लोक ऐकतेत."

"ऐकू द्या! त्यासाठीच तं बोलून रायलो."

पलीकडच्या घराची खिडकी खरोखरच उघडली होती. उद्या सकाळपर्यंत हे पावणेदोनशे किलोमीटर गल्लीत पाचशे झालेले असतील यात शंका नाही, आणि भाऊजी काश्मीरला जाऊन आलेले असतील. वहिनींचा राग खरा होता, पण त्याच्या आत कुठेतरी त्या चक्क फुगल्या होत्या. हार कोणी घातला नाही तर नाही, गल्ली आहे की. मला वाटतं ही बातमी त्यांनी मुद्दाम माझ्यासमोर वदवून घेतली. मी दुपारी भिशीला जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

भाऊजींनी खर्रा तोंडात टाकला, म्हणजे आता त्यांच्याकडून काही निघायची आशा नव्हती. पण टाकण्याआधी एक वाक्य त्यांनी बोलून घेतलंच, तेही घाईघाईत, भिंतीकडे बघत. "जानेवारीत पुन्हा बोलावलं हाये. थे डॉक्टरीन एकटी जाऊन रायली, कन्याकुमारीपर्यंत. काकाच पायजेत म्हनते."

वहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं आता भांडण. पण त्यांनी एक एक बोट दुमडायला सुरुवात केली.

"तिले सांगा. रोजचे तीनशे किलोमीटर. येतानाचे धरून. फोटोत गाडी पुढं, अन् ड्रायव्हर गाडीच्या पुढं. खर्रा बंद, थे तिचं मले मान्य हाये, थे तसंच ठेवा. अन् मागची सीट काढून त्या बाबासारखी गादी टाका म्हनावं."

"गादी कोनासाठी?" खर्ऱ्यातून प्रश्न आला.

"माह्यासाठी. समुद्र मी कुठं पाह्यला हाये अजून?"